खिडकीशी उभ्या राहणाऱ्या बायका

माझी आत्या कपडे शिवते आणि कादंबऱ्या ऐकते. ऐकते, कारण तिचे हात मशीनवर गुंतलेले असतात. वाचायचं काम माझ्याकडे. दुकानात आम्ही तिघी. मशीनवर आत्या, खिडकीखालच्या बाकावर काजं-बटणं करणाऱ्या बाई, आणि अस्तरांच्या गठ्ठ्यावर पुस्तक घेऊन मी. मशीन सुरू झालं की मी आवाज चढवायचा, थांबलं की उतरवायचा. त्यामुळे आमच्याकडे प्रेमाचे हळुवार संवादही भाजी विकल्यासारखे वाचले जातात.

आत्याला कादंबऱ्या नव्याच लागतात, आणि नव्यांवरच ती यथेच्छ तोंडसुख घेते. "तीनशे पानं हा माणूस उदास आहे. एकदा तरी भांडी घासली का त्यानं?" किंवा, "वय पंचेचाळीस सांगितलंय आणि बोलते विशीतल्यासारखी. लेखकानं मापच घेतलेलं नाही, सगळा खांद्यात घोळ." कुणाला स्वप्न पडायला लागलं की ती हात हलवते. "पुढे चल. लोकांची स्वप्नं ऐकायला मी रिकामी नाही." अर्धवट सोडलेले शेवट तर तिला खपतच नाहीत. एकच बाही लावून झगा दिला तर गिऱ्हाईक घेईल का, असं ती विचारते.

पण तिचा खरा राग खिडकीवर. आजकालच्या कादंबरीतली बाई मनातलं बोलायची वेळ आली की खिडकीशी जाऊन उभी राहते. बाहेर बघते. प्रकरण संपतं. "अगं, बोल की!" आत्या मशीन थांबवून ओरडते. "बाहेर काय ठेवलंय? माणूस घरात बसलाय ना?"

आमची आणखी एक खोड आहे. कादंबरीतल्या माणसांबद्दल आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतो. पुस्तकाचं नाव नाही, काही नाही. नुसतं 'तो असं म्हणाला' आणि 'तिनं तसं करायला नको होतं'. एकदा माप द्यायला आलेल्या एका बाईंनी घाबऱ्या आवाजात विचारलं होतं, की मुलाला टाकून गेलेली ती कोण, आमच्याच गल्लीतली का? त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. हीच खोड पुढे आमच्या अंगाशी आली.

समोर चष्म्यांचं दुकान आहे. चष्मेवाले विधुर, मितभाषी, वर्तमानपत्राशिवाय काही न वाचणारे. आत्यानं लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं, आणि मग तिला वाटलं आता काय. गेलं वर्षभर चष्मेवाल्यांच्या कोटाचं एकच बटण सारखं तुटत होतं. ते कोट घेऊन यायचे, आत्या बटण लावून द्यायची, आणि थोड्या दिवसांत स्वारी परत दारात. "हे बटण पडत नाही, पाडलं जातं," काजं-बटणंवाल्या बाई म्हणायच्या. आत्या ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

मग एकदा आत्या डोळे तपासायला गेली, तेव्हा अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून त्यांनी तिला सरळ विचारलं, लग्न कराल का माझ्याशी? आत्या म्हणाली, विचार करून सांगते. परत आली ती गालांवर लाली घेऊन, आणि दोन झग्यांच्या बाह्या उलट्या लावल्या. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. हिला उशिरा का होईना सोबत मिळणार होती. फक्त तोंडानं 'हो' म्हणायचं बाकी होतं.

त्याच सुमारास आमची एक कादंबरी रंगात आली होती. तिच्यातला विधुर डॉक्टर शाळेतल्या बाईंच्या मागे लागलेला. मशीनच्या खडखडाटात आत्या गरजली, "या वयात त्याला बायको नको, फुकटची स्वयंपाकीण हवी आहे! स्पष्ट नाही म्हणून मोकळं व्हावं!" मी म्हटलं, "अगदी बरोबर." मान वर केली, तर टेबलावर चष्मेवाल्यांचा कोट होता आणि चष्मेवाले रस्ता ओलांडत होते.

आम्हाला तेव्हाही काही कळलं नाही. ते कोट न्यायला आले नाहीत, तरी कळलं नाही. आत्याचा नवा चष्मा शेजारच्या न्हाव्याच्या हाती आला, वर निरोप. "ते म्हणाले, उत्तर पोचलं. बाईंनी मनाला लावून घेऊ नये."

"कसलं उत्तर?" आत्या म्हणाली. "मी कुठे काय बोलले?"

काजं-बटणंवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! तो डॉक्टर!"

आत्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही धावत जाईल. तर ही म्हणते, "राहू दे. झालं ते झालं. या वयात रस्ता ओलांडून सांगायला जायचं म्हणजे..." आणि वाक्य अर्धंच टाकून काचेपाशी जाऊन समोरच्या दुकानाकडे बघत राहिली.

मला रडू येत होतं आणि संतापही. काहीतरी करायचं म्हणून मी तो कोट उचलला. बटणाच्या जागी आत्याचाच जुना दोरा लोंबत होता. एकेरी, कच्चा, गाठ न मारलेला. आत्यानं लावलेलं बटण कापड फाटलं तरी सुटत नाही, हे गावाला माहीत आहे. बाईंनी दोरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आत्या," मी म्हटलं, "तू कुठे उभी आहेस, बघ जरा."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीकडे. "अय्या," ती म्हणाली. बस्स, एवढंच. टेबलावरची कादंबरी काखेत मारली आणि गळ्यातल्या टेपसकट रस्त्यावर उतरली. मी कोट घेऊन मागे.

चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट बसवत होते. आत्यानं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "तो डॉक्टर यातला आहे. नाही म्हटलं ते त्याला."

"यातला?" चष्मेवाल्यांनी पुस्तकाला हात लावला. "मग मला काय म्हणालात?"

"काही म्हणाले नाही, तीच चूक झाली. हो म्हणतेय."

 चौकटीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "मला दिसत काही नाहीये, पण ऐकू आलं. अभिनंदन!"

चष्मेवाल्यांनी ती कादंबरी वाचून काढली आणि दुकानात येऊन सांगितलं, की डॉक्टरची बाजू त्यांना पटते. आत्यानं कात्री खाली ठेवली. "पटते? स्वयंपाकीण हवी असलेल्या माणसाची?" "त्याला सोबत हवी होती," ते म्हणाले, "फक्त विचारायचं कसं ते त्याला येत नव्हतं." दोघं दुपारभर भांडले. आत्या इतकी खूष मी कधी पाहिली नव्हती.

बोलता बोलता तिनं त्यांचा कोट मांडीवर ओढला, सुईत दोरा दुहेरी ओवला, मेणावरून फिरवला, आणि बटण लावून घट्ट गाठ मारली.

"आता हे पडायचं कारण नाही," ती म्हणाली.