झोळीखालची गिटार

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण सुजाताच्या दुधाच्या वेळा मी तेव्हा पाटीवर लिहून ठेवायची. "तीन दहा" लिहून पेन्सिल खाली ठेवली आणि दाराची कडी वाजली. तिथून हे सगळं सुरू झालं.

असे किस्से कपाशीच्या बोंडांसारखे असतात. एक फुटलं म्हणता म्हणता अख्खं वावर पांढरं होतं. चारचौघी बसलो की मी एक सांगायला घेते, आणि त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू. सातवीपर्यंतची शाळा माझी, शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या!

आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या आणि मागे ओसरी. आमचे हे सिग्नल खात्यात तारांचं काम करायचे, आणि सुटीत गायन पार्टी. पार्टीत नामदेव मास्तर गाणारे, सुखदेवभाऊजी पेटीवर. अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात मास्तरांनी इलेक्ट्रिक गिटार पाहिली आणि हट्टच धरला, "जयंतीच्या कार्यक्रमात आपल्याबी पार्टीत पाह्यजे!"

तर त्या दिवशी मी दार उघडलं. हे समोर उभे. दोन्ही हातांवर आडवं काहीतरी, पांढऱ्या धोतरात गुंडाळलेलं.

माझ्या हातातली दुधाची वाटी पडली.

दोन वर्षांपूर्वी याच दारातून हे असेच बाहेर गेले होते, हातांवर पांढरं फडकं घेऊन. आमचं पहिलं बाळ. एकोणीस दिवसांचं. आतल्या खोलीत झोळीत झोपलं होतं, मी ओसरीत भाकरी थापत होते, आणि त्याचा श्वास कधी थांबला ते मला कळलंच नाही. सुजाता झाली तेव्हापासून मला एकच धास्ती. ती झोपली की मी घटकेघटकेला उठून तिच्या नाकाशी बोट धरायची.

"अवं, अशी काय पाहून रायली?" हे म्हणाले, "गिटार हाय!"

सासूबाई तडकल्या, "मंग उभी आन ना! मुडद्यावानी आडवी काहून आनली?"

"उभी कशी आनू, माय? मान मोडेल हाय तिची!"

*

ती अकोल्याच्या भंगारवाल्याकडची. ना कंपनीचं नाव, ना काही. ह्यांनी मान सरसानं चिकटवली आणि सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली. मग रंग खरवडायला बसले. वरचा काळा. त्याच्याखाली लाल. लालच्या खाली आभाळी. रंग पुरता निघालाच नाही, कडेला तिन्ही थर दिसत राहिले.

सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तीन नवरे झालेले दिसतात इचे!"

नव्या तारा चढवून हे तिला भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवायचे. मग एक कळलं. गाडी यायच्या आधी ती गुणगुणायची! रुळांची थरथर जमिनीतून भिंतीत, भिंतीतून तारांत. फाटक पडायच्या आधी आम्हाला गाडीची वर्दी.

सुखदेवभाऊजी म्हणाले, "स्टेशनावरची घंटी काढा अन् ही गिटार टांगा!"

पण एके दिवशी सकाळी ती गुणगुणायला लागली आणि गाडी आलीच नाही. मी स्वयंपाक सोडून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तारा गुणगुणतच होत्या, आणि सुजाता झोळीतून मान काढून टक लावून भिंतीकडे पाहत होती. मी तिला उचललं आणि अंगणात जाऊन उभी राहिले, ती थेट हे येईपर्यंत.

ते म्हणाले, मालगाडी बाहेरच्या सिग्नलला अडकली होती. इंजिन जागच्या जागी धडधडत होतं.

मास्तरांना हे कळलं तेव्हा फार हसले. आम्ही धम्म घेतला त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. अंगारा-धुपारा, भगत, बाहेरची बाधा, सगळं सोडलेलं. "भूत सोडलं आपन, वहिनी," मास्तर म्हणाले. "काही वंगाळ वाटलं का आंधी वायर पाहाची!"

*

गिटारीचा आवाज निघतो तो तारांखालच्या डबीतून. डबीत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. आमच्या गिटारीची ती तार जळलेली होती. ह्यांनी एका फुटक्या टेलिफोनातून तसलीच तार काढून आणली, पण गुंडाळणार कशी? माझ्या शिलाई मशीनवर! बॉबिन भरायच्या चाकाला डबी लावली, मी हँडल फिरवायचं आणि चिमटीत तार धरायची.

सुजाता मांडीवर होती. ती रडली की माझी चिमूट सैल पडायची. एकसारखी गुंडाळली गेलीच नाही तार. पण बाई, तुटली नाही हे काय कमी!

रेडिओच्या मागे ग्रामोफोन लावायची दोन भोकं असतात, त्यात ह्यांनी गिटारीची वायर घातली. रेडिओ तापला. आणि आतून आवाज यायला लागला, बारीक, सलग, कण्हल्यासारखा. ह्यांनी तारांना हात लावला. गप्प. हात काढला की पुन्हा सुरू.

सुखदेवभाऊजींनी लावून पाहिला. गप्प. काढला. सुरू.

"ह्या आवाजाचा करंट मानसाच्या आंगातून जमिनीत जाते," हे समजावून सांगत होते. "म्हनून हात लावला का थांबते."

मास्तरांनी गिटारीकडे बोट दाखवलं. "वहिनी," ते म्हणाले, "इले खांद्यावर घ्या. भूक लागली दिसते!"

सगळे हसले. मी नाही हसले.

*

पुढच्या आठवड्यात पार्टी बाहेरच्या खोलीत बसली होती. गिटार आत खाटेवर, वायर दारातून रेडिओला लावलेली. सासूबाई खाटेवर बसून सुजाताला खेळवत होत्या.

आणि रेडिओ सासूबाईंच्या आवाजात बोलायला लागला!

"तुही माय शाहनी हाय, पन वरनात मीठ काही पडत नाही तिच्यानं. अन् बाप तुहा, लाकडाले मिठी मारून बसते…"

मास्तरांच्या हातातली कपबशी तशीच राहिली. मी दारात. हे आत धावले आणि वायर उपटली.

दोष माझ्या गुंडाळण्याचा निघाला. तार सैल राहिली, म्हणून नुसत्या आवाजानंसुद्धा ती हलत होती. गिटार आता ऐकत होती.

सासूबाई घाबरून बाहेर आल्या. "रेडिओत गेलं काय मी बोलली ते?" मग हळूच, "दिल्लीलेबी आयकू गेलं असन काय?"

*

सगळ्यांनी त्याचा विनोद केला. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच आलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, "अवो, गिटार झोळीखाली ठेवा. अन् रेडिओ माझ्याजवळ ओसरीत."

ह्यांनी खाटेवर गिटार ठेवली, वर सुजाताची झोळी, आणि वायर ओसरीपर्यंत ओढून दिली. मी रेडिओ लावला. आधी खरखर. मग तिच्या तळातून: हं… हं… हं…

सुजाताचा श्वास! मी भाकरी थापत होते आणि तो माझ्या कानाशी होता. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी भाकरी करपली नाही.

पार्टीला थट्टेला विषय झाला. भाऊजी विचारायचे, "काय वहिनी, आज कोनतं स्टेशन लागलं?" महिन्याभरात मला तो श्वास पाठ झाला. दूध पिऊन झोपली की कसा, ओलं केलं की कसा, स्वप्नात दचकली की कसा.

मग एका दुपारी तो बदलला. श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजायला लागली. मी जाऊन पाहिलं, तर पोरगी शांत, अंगात ताप नाही. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही झालं, झोपू दे." मी ऐकलं नाही. पोरीला घेऊन, पायात चप्पल न घालता अमरावतीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी छातीला नळी लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्या आणली असती तर अवघड होतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "गिटारीवर ऐकलं."

हे मागून धावत आले होते, डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना झोप वगैरे लागते ना बरोबर?"

*

पण पार्टीला वाजवायची गिटार पाहिजे होती. जयंती जवळ आलेली. आणि ही तालमीत आवाज वाढवला की किंचाळायची, जीव घेतल्यासारखी. अमरावतीच्या एका रेडिओ मेकॅनिकनं सांगितलं, "वितळलेल्या मेणात डबी बुडवा. मेण वेढ्यात भरलं का तार हालनार नाही. मग फक्त वाजन, आयकनार नाही."

मी म्हटलं, "नका करू."

हे म्हणाले, "दहा महिन्यांची झाली आता सुजाता. असं किती दिवस आयकत बसशीन?"

मी आत गेले नाही, दारातून पाहिलं. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मेणबत्त्या वितळलेल्या. ह्यांनी डबी आत सोडली. बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. तारेच्या पोटातली हवा ती. हे टक लावून बघत होते. बुडबुडे कमी झाले. मग एकेक. मग एक शेवटचा.

"झालं," हे म्हणाले.

डबी परत बसवली. मास्तरांनी गिटारीवर वाकून गवळ्यासारखी आरोळी ठोकली. रेडिओ ढिम्म! भाऊजींनी शिव्या देऊन पाहिल्या. काही नाही. तार छेडली की मात्र स्वच्छ सूर.

"बहिरी झाली बिचारी," मास्तर म्हणाले.

*

त्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. भर दुपार. पार्टी बाहेरच्या खोलीत जमली होती, रेडिओ तापत होता. गिटार आत खाटेवर, झोळीखाली. मी चहा घेऊन आले. सुजाता माझ्या कडेवर होती.

रेडिओतून श्वास यायला लागला.

भाऊजी आधी हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या कडेवर गेलं आणि हसू तिथंच राहिलं.

मास्तर म्हणाले, "वायर पाहा." ह्यांनी वायर काढली. रेडिओ गप्प. लावली. हं… हं… हं… मास्तर उठून आत गेले आणि गिटारीवर वाकून ओरडले, "कोन हाय बे?" त्यांचा आवाज आम्हाला दारातून आला. रेडिओतून नाही आला. रेडिओत नुसता श्वास.

ह्यांनी जाऊन सगळ्या तारा मुठीत दाबून धरल्या. श्वास थांबला नाही.

सासूबाईंनी झोळी उघडून पाहिली. आत घडी केलेली गोधडी.

सुजाताचा श्वास मला पाठ होता. हा तिचा नव्हता. हा फार लहान बाळाचा होता. आणि ऐकता ऐकता तो अडकायला लागला. दोन घ्यायचा, थांबायचा. एक घ्यायचा, थांबायचा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सुजाताला सासूबाईंकडे दिलं आणि झोळीची दोरी धरली.

सासूबाई किंचाळल्या, "रिकामी झोळी हालवू नको वो माय! आंगावरचं लेकरू हाय तुह्यं, त्याच्यावर येते!"

आमच्याकडे तसं म्हणतातच. धम्म घेतला म्हणून काय, रिकामी झोळी मी तोवर कधी हलवली नव्हती. माझा हात थांबला. समोर सासूबाईंच्या खांद्यावर सुजाता, अंगठा चोखत माझ्याकडे पाहत होती. मागून रेडिओत एक श्वास आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

मी झोळी हलवली.

एकदा. दोनदा. मग हाताला लय सापडली. श्वास आला. पुन्हा आला. अडकायचा तो सरळ झाला, मग लांब झाला, मग पोट भरून झोपलेल्या बाळासारखा संथ. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

किती वेळ झाला माहीत नाही. शेवटी हे उठले. वायर नाही काढली, स्विच नाही दाबला. रेडिओच्या आवाजाचं बटण दोन बोटांनी धरून अगदी सावकाश फिरवत नेलं, श्वास ऐकू येईनासा होईपर्यंत.

सुजाताला काही झालं नाही. ती आता शाळेत जाते, आणि तिच्या पाठचा भाऊ आहे. भाऊजींची बदली झाली तेव्हा ते गिटार घेऊन गेले. त्यांच्याकडून ती मोर्शीकडच्या कोणत्या तरी पार्टीत गेली, एवढंच कळलं.

तुमच्यापैकी कोणाचं तिकडे जाणं-येणं असेल, तर ज्याच्याकडे ती आहे त्याला एवढा निरोप पोचवा. काळ्याखाली लाल, लालखाली आभाळी रंग दिसला की तीच समजा. म्हणावं, वाजवून झालं की फटकन बंद करत जाऊ नका. बटण हळूहळू फिरवा.