बाळंतिणीची मोरी

मला सातवा महिना लागला तेव्हाच आईने लालबागच्या मासेवालीला सांगून ठेवलं होतं, "लेक बाळंत झाली की बारक्या मोऱ्या माझ्या." आमच्या मालवणी घरात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, कालवण देतात. आणि मी नोकरी करते ती शार्कवर संशोधन करण्याची. आईला यात काहीच अडचण दिसत नव्हती. उलट मासा घरचाच आहे, असा तिचा एकूण सूर होता.

माझी शार्क खोल समुद्रातल्या अंधारात राहणारी, मोठ्या हिरव्या डोळ्यांची. बुडू नये म्हणून तिचं यकृत तेलाने भरलेलं असतं. बहुतेक वेळा एकच पिल्लू, तेही जवळजवळ दोन वर्षं पोटात. हे ऐकून आईने माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग तू नऊ महिन्यांत इतकी कशाला कण्हतेस?"

मुलगी झाली. हॉस्पिटलमधून मी करी रोडला आईकडेच आले. ती पिशवी घेऊन बाजारात निघाली आणि मी जाहीर केलं, मोरी खाणार नाही.

"अगो, ती तुझी खोलातली नव्हे. ही आपली काठावरची."

"तीही कमी होत चालली आहे, आई. हळूहळूच वाढते."

"तू पण हळूहळूच वाढलीस. अक्कल अजून यायची आहे."

मी हसले, पण तिचा चेहरा उतरला होता. माझ्या वेळी ती घोडपदेवच्या खोलीत एकटीच होती. तिची आई आधीच गेलेली, मोरी शिजवून घालायला कोणी नव्हतं. लेकीचं मात्र सगळं साग्रसंगीत करायचं, हे तिने तेव्हापासून मनाशी धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. तरी हेका सोडवेना.

ती दारातच थांबली. "पिल्लू झालं की पुढे काय करते गो ती?"

"काही नाही. पिल्लू आपलं आपण पोहायला लागतं. आई निघून जाते."

"आणि तिला कोण बघतं?"

"कोणाला?"

"बाळंतिणीला गो!"

"कोणीच नाही."

आई पिशवी घेऊन बाजारात गेली. परत आली ती अळीव घेऊन. खिरीची वाटी माझ्या हातात देत म्हणाली, "मोरी नको म्हणून सांगून आले. तिचं करायला कोणी नाही, आणि आपण तिलाच खायचं?"

मग स्टूल ओढून समोर बसली, आणि वाटी रिकामी होईपर्यंत जागची हलली नाही.