आत्यांना न सांगितलेलं दुखणं

‘डर्कम्स डिसीज,’ डॉक्टर म्हणाले. अंगात चरबीच्या गाठी होतात आणि त्या दुखतात, असा क्वचित होणारा आजार. मला आधी हायसंच वाटलं. वजन कमी करा, मन रमवा, हे ऐकून माझे कान किटले होते. आजाराला नाव आहे म्हणजे मी सोंग करत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, ‘घरी मालिश वगैरे करता का?’

‘रोज करते की मी,’ शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या. ‘कोमट तेल लावून चांगलं रगडते.’

‘ते आजपासून बंद. दाबलं की या गाठी जास्त दुखतात.’

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी हात पदराखाली घेतले.

हडपसरला परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, ‘दुखत व्हतं तर बोलली का न्हाईस गं?’

काय सांगणार, कप्पाळ? पेठेत वाढलेली मी, एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. पण सासू सुनेचे पाय चेपते म्हणून भावकीतल्या बायका आत्यांना नावं ठेवायच्या, तरी त्या रोज तेलाची वाटी घेऊन बसायच्या. त्यांचं मन मोडवेना. मी उशीत तोंड खुपसून दात आवळायचे आणि त्यांना वाटायचं, पोरीला झोप लागली. याला चांगुलपणा म्हणत नाहीत. मी त्यांना फसवत होते.

पेन क्लिनिक, म्हणजे दुखण्यावरच उपचार करणारा विभाग, तिथे जाणं सुरू झालं. दात काढताना हिरडी बधिर करायला जे औषध टोचतात, तशातलंच लिग्नोकेन शिरेतून सावकाश सोडतात. हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवतात. ‘आजार मुळापासून जाणार नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवू,’ डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तसं ते उतरलंही.

आत्या मात्र लांबच. चहाचा कप हातात न देता ओट्यावर ठेवायच्या. ‘माझ्याच हातानं पोरीचे हाल झाले,’ असं त्या आपल्या जावेला सांगताना मी ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठी माझ्या, चूक माझी, आणि शिक्षा त्या भोगत होत्या.

कुणाला असलं दुखणं असेल, तर घरच्या मायेच्या माणसाला आधी सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

पुढच्या खेपेला त्या सोबत आल्या आणि भिंतीकडेच्या स्टुलावर बसल्या. मी सलाईन नसलेला हात पुढे केला. ‘आत्या, जवळ या. दुखलं तर सांगीन.’

त्यांनी दंडाला बोट लावलं. ‘हितं?’

‘दुखतंय.’

कोपराखाली लावलं. ‘हितं?’

‘दुखतंय.’

त्यांचे डोळे भरले, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी माझ्या तळहातावर हात ठेवला.

‘इथे नाही दुखत,’ मी म्हणाले.

सलाईन संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.