बटरफ्लाय किक आणि एकोडीचं अस्वल

एकोडीच्या लोकांनी एकदा मला अस्वल समजून काठ्यांनिशी घेरलं होतं, आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती.

मी कराटेचा मास्तर. (अस्वलाचा आणि कराटेचा संबंध काय, असं लगेच विचारू नका. येतोच आहे.) भंडाऱ्यात दिवसभर कचेरीत फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी मैदानावर पोरांना कराटे शिकवायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आमच्या काळचं कराटे मोठं सरळमार्गी होतं. पाय जमिनीत रोवायचे, मूठ कमरेला लावायची, समोर एक ठोसा, एक लाथ आणि बेंबीच्या देठापासून एक आरोळी! अशा ठरलेल्या हालचाली ओळीनं करून दाखवायच्या, त्याला म्हणायचं काता. शेवटी हातानं छपराचे चार कवेलू, म्हणजे कौलं, फोडले की गॅदरिंगला टाळ्याच टाळ्या. जमीन सोडून वर जाणं हा तेव्हा उद्धटपणा समजला जायचा.

मग कुठल्याशा स्पर्धेत कोणीतरी काता करता करता गिरकी घेतली आणि उडी मारून लाथ झाडली. पंच आधी दचकले, मग खूश झाले आणि गुण देऊन बसले. संपलं! पुढच्या वर्षी सगळ्यांच्या दोन-दोन गिरक्या. मग जिम्नॅस्टिकवाली पोरं आली, त्यांनी हात न टेकवता हवेतल्या हवेत चाक फिरवलं. नाचणारी पोरं आली, त्यांनी गाणं लावलं. मग उलट्या कोलांट्या सुरू झाल्या. होता होता ठोसा आणि लाथ पोह्यांवरच्या कोथिंबिरीएवढ्याच उरल्या. या सगळ्या प्रकाराला ट्रिकिंग म्हणतात, हे मला माझ्याच मुलीनं, चैतालीनं सांगितलं. माझ्याच वर्गात ती उभं राहायला शिकली आणि माझ्याच डोळ्यांदेखत उडायला लागली.

"अवं, शत्रूकडे पाठ करून उडी मारतेस?" मी ओरडायचो. "थो काय तोवर थांबून राहीन?"

"बाबा, तिथं शत्रू नसतेच ना!"

"मंग लढतेस कोनासंग?"

"जमिनीसंग," ती म्हणायची आणि पुन्हा उडायची.

एकदा ती घरात नाचतच आली. "आई, आज माझं पाचशे चाळीस डिग्री झालं!" (हवेत दीड गिरकी घेऊन मारायच्या लाथेचं ते नाव.) माझी बायको शोभा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. "बापा! एकशे पाचच्या वर गेला का मानूस हाती लागत नाही! झोप आधी!" आणि पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवूनच ती शांत झाली.

चैताली रोज संध्याकाळी गच्चीवर सराव करायची. तिनं उडी मारली की खाली छताचा चुना पडायचा, तो नेमका चुलीवरच्या वरणात. शोभा वर तोंड करून ओरडायची. मी जेवताना खडे वेचायचो. मग चैताली सरावासाठी पुण्याला गेली. आता वरणात काही पडत नाही, आणि खरं सांगतो, त्या वरणाला चव म्हणून नाही! शोभा मिठाला दोष देते. मी डाळीला. पण जेवता जेवता आम्ही दोघंही एकदा छताकडे पाहतोच.

फोन व्हायचे. पण ते कसले फोन!

"जेवली?"

"हो."

"सराव?"

"हो."

"अजून?"

"काही नाही बाबा. तुम्ही बोला."

मी काय बोलणार? कचेरीत फाईल सापडली, एवढीच माझ्याकडे बातमी. तिचं जग म्हणजे बटरफ्लाय, कॉर्कस्क्रू असल्या नावांच्या उड्या, अजून काय काय. त्यातलं मला अवाक्षर कळेना. ज्या पोरीला मी मूठ आवळायला शिकवलं, तिच्याशी बोलायला माझ्याकडे शब्दच उरले नव्हते. मी तिचे व्हिडिओ मोबाइलवर हळू वेग लावून पाहायचो. ती हवेत आडवी असताना तिथंच थांबवायचो. तेवढीच ती घरात थांबल्यासारखी वाटायची.

दिवाळी झाली आणि चैतालीचा निरोप आला, की मंडईला ती सरळ एकोडीला, आजीकडे येणार. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा, नाटक, घराघरात पाहुणे. एकोडी माझी सासुरवाडी. त्या क्षणी माझ्या डोक्यात तो विचार शिरला, जो पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यात कधी शिरू नये. पोरीची भाषा शिकायची! ती अंगणात पाऊल टाकेल तेव्हा बापानं नमस्कार-चमत्कार न करता थेट एक बटरफ्लाय किक मारून दाखवायची!

बटरफ्लाय किक दिसायला सोपी असते. वाकून गिरकी घ्यायची, अंग हवेत आडवं टाकायचं आणि पाय मागून एकामागे एक झुलवायचे. जणू हवेत पालथं पोहणं. (मी वैनगंगेतही काठाकाठानंच पोहलेलो आहे, हे तेव्हा मला आठवायला हवं होतं.)

धान मळणीला मदत करतो असं सांगून मी शोभाला घेऊन आधीच एकोडीला पोचलो. माझा साळा मोरेश्वर याच्या घरामागे नुकत्याच मळलेल्या धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, घराएवढा ढीग होता. पडायला याहून मऊ जागा कुठं मिळणार? मोरेश्वरला मी विश्वासात घेतलं. तो मोबाइल धरून सूचना वाचणार आणि मी उडणार, असं ठरलं.

चैताली यायच्या दिवशी सकाळी मी माझा जुना पांढरा पोशाख चढवला. पट्टा पोटावर पोचेना, म्हणून पोटाखाली बांधला.

"भाऊजी, म्हनते का कंबर सैल सोडा," मोरेश्वरनं वाचलं.

"सैलच हाय. पुढं?"

"म्हनते, समोर पाहू नका, आभाळ पाहा."

"बरं."

"म्हनते, प्रशिक्षकाशिवाय हे करू नका."

"अबे, मीच प्रशिक्षक आहो ना!"

मी धावलो. वाकलो. गिरकी घेतली. आणि मी जमीन सोडली! हे मी शपथेवर सांगतो. क्षणभर, अगदी क्षणभर, माझे दोन्ही पाय हवेत होते. तेवढ्यात मला आभाळ पाहायची सूचना आठवली. मी आभाळ पाहिलं, ते पायांच्या मधून दिसलं, आणि पुढच्या क्षणी मी कमरेपर्यंत तणसात घुसलो होतो, डोकं आत, पाय बाहेर!

मोरेश्वरनं माझे पाय धरून ओढले. ढिगाचा वरचा भाग डगमगला आणि आम्हा दोघांवर सपशेल कोसळला. आत मिट्ट काळोख. नाकात, कानात, तोंडात तणस. मी फुरफुरतोय, मोरेश्वर खाकरतोय. त्यात त्याची म्हैस कोणी बोलावल्यासारखी आली आणि ढीग खाऊ लागली. खाता खाता तिनं माझ्या पँटचा एक पाय चाखून पाहिला. तो तिला आवडला!

नेमक्या त्याच वेळी माझी सासू गोवऱ्या न्यायला मागे आली. तिला काय दिसलं? ढीग हलतोय, आतून घुरघुर येतेय, आणि काहीतरी केसाळ, काळं बाहेर डोकावतंय. (ती माझी पोटरी होती.)

"अस्वल! अस्वल आलं वोऽऽ!"

आमच्याकडे जंगल जवळ आहे. अस्वल म्हटलं की कोणी हसत नाही. त्यातून मंडईचं गाव! घराघरातून पाहुणे धावले. काठ्या आल्या, कुऱ्हाडी आल्या, पिपे बडवायला लागले. रात्रीच्या नाटकासाठी आलेले ढोलकीवाले ढोलकीसकट आले. शोभाचा आवाज मला आतूनही ओळखू आला, "आई, मागं सरक! आमच्या यायले बोलवा! थे कराटेवाले हायेत!"

"कुठं हायेत जवाई?"

"सकाळपासून दिसलेच नाही!"

"म्हंजे... खाल्लं का काय त्यायले?" सासूनं विचारलं, आणि शोभानं असा हंबरडा फोडला, की मला भरूनच आलं. (लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी ती रडताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेही तणसातून!)

"आधी भाला घाला, मंग पाहू!" कोणीतरी शहाणा बोलला.

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. बोलायला तोंड उघडावं, तर तणस आत जाई. तेव्हा मला माझी विद्या आठवली. मी उरलासुरला श्वास पोटात ओढला आणि आयुष्यभर मैदानावर दिली ती आरोळी दिली, "किय्याऽऽय!"

परिणाम ताबडतोब झाला. सगळं गाव दहा पावलं मागे हटलं.

"नर हाय!" कोणीतरी म्हणालं. "चवताळला हाय! भाला आना लवकर!"

आणि तेवढ्यात गर्दीच्या मागून एक आवाज आला. बसमधून उतरून, पाठीवर बॅग घेऊन, नुकतीच पोचलेली.

"थांबा! थे माझे बाबा आहेत!"

उगारलेल्या काठ्या खाली आल्या. ज्या आरोळीला सगळे अस्वल समजले, ती तिनं घराच्या वळणावरूनच ओळखली होती. लहानपणी रोज संध्याकाळी ती त्या आरोळीबरोबर आपली चिमुकली आरोळी मिसळायची, हे मला त्या अंधारात, डोकं खाली असताना आठवलं. डोळ्यांत पाणी आलं ते तणसामुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

चैतालीनं दोन्ही हातांनी तणस उपसलं. आधी मोरेश्वर निघाला, मग मी निघालो, एका पायात अर्धी पँट घेऊन. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"बाबा, काय करून राहिले होते?"

"बटरफ्लाय," मी तोंडातली काडी काढत म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता तणसातच बसली. गाव हसलं, म्हैस तेवढी खात राहिली. शोभा मात्र हसली नाही. "मी तुमच्यासाठी रडलो ना!" म्हणून तिनं मला तिथंच, सगळ्यांसमोर एक धपाटा घातला. (आमच्याकडे बायाही 'रडलो', 'पडलो' असंच म्हणतात.)

गर्दी पांगली, तरी चैताली तिथंच बसून होती. मी शेजारी बसलो.

"बाबा, तुमाले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. पन पाय सुटल्यावर वाटलं, तवा उपयोग नव्हता."

तिनं तणसाची एक काडी मोडली. मग हळूच म्हणाली, "मी पडलो होतो बाबा. पावसाळ्यात. पाय मुरगळला. आता बरा हाय. पन तवापासून उडीच मारनं होत नाही. पळत जातो अन् थांबतो. सर म्हनतात, घरी जाऊन ये."

त्या सगळ्या 'हो, हो'च्या मागे हे होतं तर.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही म्हनले असते, 'म्हनूनच मी सांगत होतो, पाय जमिनीवर ठेव.'"

खरंच म्हणालो असतो. आता तसं म्हणायला माझं तोंडच उरलं नव्हतं. अंगभर तणस होतं.

"मंग आता मले शिकव," मी म्हणालो. "आपल्या दोघायचंही सारखंच हाय. तुले उडता येत नाही, मलेही येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या भिंतीशी आमचा वर्ग भरू लागला. "लाथ मंग," ती दटावायची, "आधी उलटं व्हाचं भेव गेलं पाहिजे." मी हात टेकवायचो, ती माझे पाय धरून भिंतीला लावायची, आणि रक्त डोक्यात उतरून मी टमाट्यासारखा झालो, की पाय धरून खाली उतरवायची. सासू लांबून डोक्यावर पदर घेऊन पाहायची. (जावई उलटा असताना पदर घ्यायचा की नाही, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.) मी पडलो की चैताली "असं नाही, असं" म्हणत स्वतः करून दाखवायची. आधी भिंतीशी. मग भिंतीशिवाय. मग छोटी उडी. आणि एका सकाळी मला काहीतरी समजावता समजावता तिनं तणसाकडे धाव घेतली, आणि ती थांबली नाही.

कितीतरी दिवसांनी मी तिला हळू वेग न लावता, एवढं जवळून पाहिलं. उन्हात उडणाऱ्या तणसाच्या धुळीत ती आडवी तरंगली, पाय झुलले, आणि ती उतरली, पायांवर. माझ्या सगळ्या आयुष्यातला सरळमार्गी काता त्या एका उडीपुढं मला लंगडा वाटला. मी टाळ्या वाजवायला गेलो, पण मी तेव्हा भिंतीशी उलटा उभा असल्यामुळे तोंडावर पडलो.

सुट्टी संपली. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर आम्ही तिला नागपूरच्या गाडीत बसवलं; पुण्याची गाडी तिथून. खिडकीतून ती काहीबाही बोलत होती, शोभा डबा नीट धर म्हणून सांगत होती, आणि मी उगाच गाडीची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो. गाडी सुरू झाली, तशी ती ओरडली, "बाबा, एकदा करून दाखवा ना!"

मी आजूबाजूला पाहिलं नाही. फलाटाच्या भिंतीशी हात टेकवले, पाय झाडले, आणि ते भिंतीला लागले! पहिल्यांदाच, कोणी न धरता! उलट्या बसच्या उलट्या खिडकीत मला चैताली दिसली. ती तोंडभर हसत होती. शोभा म्हणते की ती रडत होती. उलट्या माणसाला रडणारं तोंड हसरं दिसतं, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. खात्री करून घ्यायला मी चटकन सरळ व्हायला हवं होतं. पण खाली कसं उतरायचं, तेवढंच तिनं शिकवलं नव्हतं. गाडी गेली, तिचा आवाजही गेला, आणि मी तसाच. शोभा बसच्या मागे धावत फाटकापर्यंत गेलेली.

शेवटी शेजारच्या गाडीच्या कंडक्टरनं माझे पाय धरून मला खाली उतरवलं, पाठ झटकली आणि मायेनं विचारलं, "काका, कुठं जाचं हाय?"

"पुन्याले," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग सरळ उभं राहून पाटी वाचत जा ना," तो म्हणाला. "हे तुमसरची गाडी हाय!"