मित्राच्या बेसचा आवाज

मी माझ्या मित्राची बेस गिटार बिघडवली, आणि ती होती तशीच आहे असं त्याच्या तोंडावर सांगितलं. हे त्याच्यापुढे कबूल करायला मला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत तो स्वतःच्या कानाला दोष देत राहिला.

नव्वदीच्या दशकात कोल्हापुरात गाण्यांचे ऑर्केस्ट्रा पुष्कळ होते. त्यातल्या एकात मी बेस वाजवायचो. बेसला चारच तारा असतात, जाड आणि खालच्या सुराच्या. ती वाजत असताना कुणाचं तिकडे लक्ष जात नाही; थांबली की मात्र गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. पेठ वडगावच्या एका कार्यक्रमात एक म्हातारे गृहस्थ स्टेजला टेकून माझ्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, दोन तारा तुटल्या व्हय?"

"न्हाय आजोबा, हिला चारच असत्यात."

"मग गाणं बी अर्धंच येत असंल," म्हणाले आणि निघून गेले.

दिवसा मी एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काम करायचो. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात करावा लागतो. त्या लाकडी नमुन्याचा वाळूत ठसा घेतात आणि त्या ठशात रस ओततात. मोडका भाग समोर ठेवायचा, मापं घ्यायची आणि हुबेहूब तसाच लाकडात उतरवायचा. समोर ठेवलेल्या वस्तूची नक्कल करणं, यापलीकडे मला फारसं काही येत नव्हतं. हे मी नम्रतेनं म्हणत नाही.

माझा मित्र मूळचा जयसिंगपूरचा. घरचं भांड्यांचं जुनं दुकान, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. कॉलेजसाठी कोल्हापुरात आला आणि गाण्याबजावण्यात रमला. तोही बेसच वाजवायचा. त्याच्यासमोर मी वाजवायला लाजायचो. त्याचा कान असा होता की पाच वाद्यं सुरू असताना माझी तिसरी तार किंचित उतरलेली त्याला कळायची आणि तो लांबूनच तीन बोटं दाखवायचा. पुढे त्याला परदेशी प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याच्याकडे ती बेस होती.

ती कारखान्यातली नव्हती. कुठल्याशा बंदराच्या गावात एकटाच काम करणारा एक कारागीर होता, वर्षाला मोजक्या गिटारी करायचा. त्याच्याकडे ती केलेली. पेटी उघडली तेव्हा आधी वास आला, तेलाचा आणि कसल्या तरी अनोळखी लाकडाचा. रंग नव्हताच. लाकडाच्या रेषा पाण्यावरच्या लाटांसारख्या एकीकडून दुसरीकडे गेलेल्या. मान इतकी गुळगुळीत की हात आपोआप वर सरकायचा.

रविवारची दुपार होती. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोडसर धूर आत येत होता. त्याने एक खालचा सूर छेडला आणि तसाच सोडून दिला. तो सूर संपला कधी हे मला आजही सांगता येणार नाही. खोलीत तो पसरला, मग उन्हात मिसळला, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी आता फक्त आठवण ऐकतो आहे. स्पीकर बंद करून मी त्या बेसच्या कडेवर हनुवटी टेकवली. तार छेडली की आवाज हाडातून आत शिरायचा, नदीत बुडी मारल्यावर काठावरची बोलणी ऐकू येतात तसा. मग माझी बेस घेतली. एकदा त्याची, एकदा माझी. माझी वाजली की कुणीतरी शेजारच्या खोलीत वाजवतंय असं वाटायचं, आणि मधलं दार लावलेलं.

"काय रे, गप का बसलाईस?" त्याने विचारलं.

"काय न्हाय. बरी हाय."

"बरी म्हणं. लेका, डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

परत जाताना ती बेस त्याने माझ्याकडेच ठेवली. समुद्राच्या खाऱ्या हवेला तारा गंजतात, जहाजावर त्यांची बेस असतेच, असं म्हणाला. "रोज वाजव मर्दा, वाद्य निजाय नको. फक्त स्क्रूला हात लावू नको."

मी सहा महिने लावला नाही. त्या सहा महिन्यांत मी तिची नक्कल केली. जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, मापं घेत, कागदावर रेषा ओढत, सागवानाची एक बेस घडवली. आकार, जाडी, मानेचा उतार, सगळं जुळवलं आणि माझ्या जुन्या बेसचं सामान तिला चढवलं. दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या की बहिणी निजल्यासारख्या दिसायच्या. वाजवल्या की एकच जागी व्हायची.

फरक लाकडात असेल हे मला मान्य करायचं नव्हतं. लाकूड माझं काम होतं. मग मी ठरवलं की फरक पिकअपमध्ये आहे. तारांखाली एक छोटी डबी असते, तिच्यात चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची थरथर तिथून स्पीकरकडे जाते. तसंच पिकअप माझ्या सागवानी बेसला मिळालं तर, असा विचार मनात आला आणि जाईना. एका सकाळी मी स्क्रू फिरवले. चार होते.

जळालेल्या पंपांच्या मोटरींत नवी तार भरून देणारे एक मामा आमच्या फाउंड्रीजवळ होते. त्यांच्यासारखा वाइंडिंगवाला जिल्ह्यात नव्हता. मी पिकअप त्यांच्या हातात दिलं, आत काय असतं ते सांगितलं आणि म्हणालो, "मामा, असंच आणि एक करून पाहिजे. वेढ्याला वेढा जुळला पाहिजे."

"जुळवतो की," ते म्हणाले.

चार दिवसांनी गेलो. टेबलावर दोन नवी कोरी वेटोळी होती, वार्निश लावलेली, चकचकीत.

"मामा, जुनं कुठाय?"

"जुनं कशाला? दोनी नवी केली. बघ तरी, एकागत एक झाल्यात."

"पण जुनं..."

"कापल्याबिगर वेढं कसं मोजायचं बाळा? मोटर आली की आम्ही पयला जुना माल कापतो, वेढं मोजतो, मग तसंच भरतो. चाळीस वर्षं हेच करालोय." त्यांनी टेबलाखालचा डबा पुढे सरकवला. त्यात तांबूस गुंता पडला होता, विंचरल्यावर कंगव्याला राहतात तशा केसांसारखा.

त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्याकडे येणारी प्रत्येक वस्तू जळलेली असायची. चांगली वस्तू कुणी दुरुस्तीला आणून देईल, हे त्यांच्या मनात येणार तरी कसं? वेढ्याला वेढा जुळवा, असं मीच सांगितलं होतं. कापू नका, एवढे दोन शब्द सांगायचे मला सुचले नाहीत.

घरी येऊन एक त्याच्या बेसला बसवलं, एक माझ्या. त्याच्या बेसचा आवाज वाईट झाला नव्हता. सूर येत होता, भरीवही होता. पण तो उन्हात मिसळेना. भिंतीपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. आणि आता जे लिहितो ते मी त्यालाही बराच काळ सांगितलं नव्हतं. त्या दुपारी दोन्ही बेस आलटून पालटून वाजवताना, भीतीच्या खाली कुठेतरी, मला बरं वाटत होतं. दोघींतलं अंतर कमी झालं होतं. माझी वर गेली नव्हती, त्याची खाली आली होती, तरी बरं वाटत होतं.

तो वर्षभराने आला. हातपाय धुऊन थेट बेस घेऊन बसला. एक सूर छेडला. थांबला. बटणं फिरवून पाहिली, पुन्हा छेडला. मग डावा कान तळव्याने दाबला, सोडला, पुन्हा छेडला.

"तुला कशी वाटाल्या?"

"कशी म्हंजे? हाय तशीच हाय की."

"काय केलं न्हाईस न्हवं?"

"मी कशाला हात लावू?"

तो हसला. माझ्यावर संशय घेतल्याबद्दल ओशाळून हसला, हे मला दिसत होतं. "मग माझंच काय तरी गेलंय गड्या. जहाजावर ड्रमच्या अंगाला हुबा ऱ्हायतोय ना. डाव्या कानात शिटी वाजतीया कवाकवा."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून डावा कान थोडा कमी झाल्याचं सांगितलं. थोडा म्हणाले होते, आवाजापासून जपा म्हणाले होते. पण त्याचा निकाल आधीच माझ्या खोलीत लागला होता. तो जहाजावर परत गेला नाही. जयसिंगपूरच्या दुकानात बसायला लागला. बेस न्यायला ये, असा मी निरोप धाडला, तर उलट निरोप आला: मला आता तिचं काय, तूच वाजव.

अशी ती माझ्या मालकीची झाली.

पुढची वर्षं मी तिला पूर्ववत करण्यात घालवली. मुंबईहून पिकअप मागवली, परदेशातून कुणाकुणाच्या हातून मागवली. दर वेळी तेच चार स्क्रू फिरवायचे, तारेला कथलाचा डाग द्यायचा, तार छेडायची आणि डोळे मिटून बसायचं. कधी कधी पहिल्या क्षणी वाटायचं, आला. मग तो भिंतीशी थांबायचा. नेट कॅफे निघाले तेव्हा त्या कारागिराचा पत्ता शोधून, मोडक्या इंग्रजीत मेल केला. त्याचं उत्तर सज्जनपणाचं होतं. नवं करून देईन म्हणाला, पण मी वेढे मोजत नाही, हाताला पुरे वाटलं की थांबतो, त्यामुळे तसंच होईल याचा शब्द देत नाही. मी कॅफेच्या खुर्चीत खूप वेळ बसून राहिलो. पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे मासे पोहायला लागले. मग घरी जाऊन मामांचीच वेटोळी दोन्ही बेसना परत बसवली.

त्यानंतर भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी जयसिंगपूरला त्याच्या दुकानात गेलो. तो मोकळेपणाने बोलला, चहा मागवला. तेवढ्यात एक बाई पितळेची घागर घेऊन पुढे आल्या. अशी घागर घेताना बोटाने टिचकी मारतात; कुठे बारीक चीर असेल तर आवाज फुटका येतो. त्यांनी घागर त्याच्यापुढे धरली. "वाजवून बघा की, दादा."

"तुमीच बघा, ताई. माझ्या कानाचा भरवसा न्हाय," तो म्हणाला आणि घागर कामावरच्या माणसाकडे सरकवली. अगदी सहज म्हणाला, रोजचं वाक्य असल्यासारखं. बाईंनी टिचकी मारली. घागर स्वच्छ वाजली. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी मी दोन्ही बेस आणि एक छोटा स्पीकर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्या दोघींचं हाफ तरी काढा की." बाहेर उसाची शेतं धुक्यात अर्धी बुडालेली होती, नुसते तुरे वर तरंगत होते. जयसिंगपूर येऊच नये असं वाटत होतं.

दुपारी दुकान बंद करून तो मागच्या खोलीत आला तेव्हा मी सगळं सांगितलं. स्क्रू, मामा, डबा, आणि बरं वाटलेलंही. मी खाली मान घालून बोलत होतो. बायकोने आतून कानडीत काहीतरी विचारलं, तेव्हा त्याने उठून मधलं दार लावून घेतलं.

"माझी पोरगी गाणं शिकालीया," तो म्हणाला. "रोज इचारती, बाबा, सूर लागला का? नऊ वर्षांत मी कशालाच व्हय म्हटलं न्हाय, न्हाय म्हटलं न्हाय. गाण्याच्या बाईंना इचार म्हणतो."

मी दोन्ही बेस बाहेर काढल्या आणि स्पीकर जोडला.

त्याने दोन्ही बेस एकेक करून मांडीवर घेतल्या, थोड्या वाजवल्या. बोटं जड झाली होती. मग माझ्या हातात देऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. "वाजव. कंची हाय ते मी सांगतो."

दोघींना एकाच हाताची वेटोळी होती. फरक उरला होता तो फक्त लाकडाचा, आणि तो किती थोडा आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक सूर छेडला.

"माझी."

"व्हय."

"तुझी." मग, "परत तुझी." मग बराच थांबून, "माझी."

चारही बरोबर. त्याची पाठ ताठ झाली होती. मी पाचव्यांदा छेडला.

"माझी," तो लगेच म्हणाला.

छेडली होती ती माझी, सागवानाची. 'व्हय' म्हणणं अगदी सोपं होतं. इतक्या वर्षांनी त्याला मिळालेली गोष्ट माझ्याच हाताने कशी काढून घेऊ, असं वाटलं. आणि पुन्हा खोटं बोलायला हे कारण किती चांगलं आहे, हेही त्याच क्षणी दिसलं.

"न्हाय," मी म्हणालो. "ही माझी होती."

तो वळला. माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग होता, पण त्यामागून दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं.

"म्हंजे पयल्या चार खऱ्याच बरोबर हुत्या," तो म्हणाला.

"व्हय."

"तुला माफ केलंय असं समजू नको."

"न्हाय समजत."

तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला, मांडी नीट घातली, आणि म्हणाला, "वाजव फुडं."