गादीवर बसलेलं गिऱ्हाईक

माझा नवरा शालिग्राम माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसती निंदा करून राहिली. रायपूरच्या पंडरी कापड बाजारात तो सेल्समन. शहर राजधानी झालं, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, बाजारात गिऱ्हाईक वाढलं, अन् त्याच्यासंगं याची दारूही वाढली. शेवटी मी पेटी भरून पलंगाखाली ठेवली. म्हटलं, "आता एक घोट जरी घेतला ना, तर मी चालली गोंदियाला भावाकडं. कायमची!"

घाबरला. चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडणाऱ्यांची बैठक व्हायची, तिथं जाऊ लागला. तिथल्या पास्टर धर्मपालनं सांगितलं, दारू हातात यायच्या आधी डोक्यात येते, तर डोकंच रोज येशूच्या हवाली कर. आमच्या गड्याले ते धंद्यातून समजलं. उभं गिऱ्हाईक निघून जाते, पण एकदा गादीवर बसवलं, पाणी दिलं, कापडाचं थान उघडलं, की हलत नाही. "विचाराचंही तसंच आहे, गोदू," मले म्हणे. "बसवाचाच नाही. येशूचं नाव घ्यायचं अन् दारातूनच सांगाचं, भैया, आगे बढ़ो."

मनात सांगावं की नाही? हा मोठ्यानं सांगे! एकदा भर दुकानात डोळे मिटून ओरडला, "आगे बढ़ो, यहाँ कुछ नहीं मिलेगा!" समोर भिलाईची वरमाय, लग्नाचा बस्ता बांधायले आलेली. बाई सगळा गोतावळा घेऊन बाजूच्या दुकानात गेली. शेठनं असा तमाशा केला की दुकानांची पूर्ण लाइन गोळा झाली. मी हसून हसून बेजार, पण खरं सांगते, मले त्याचं कौतुकही वाटलं.

कौतुक आपल्या जागी. रोज संध्याकाळी तोंड हुंगल्याशिवाय मी त्याले घरात घेत नव्हती. तोही गुमान दारात आ करून उभा राहायचा.

मग आली होळी. दुपारी हा घरी आला तर शर्ट ओलाचिंब, अन् महुआच्या दारूचा हा भपकारा! मी सरळ पेटी ओढून दारात आणली.

"माहीत होतं मले! माहीतच होतं!"

"दुकानातला शेखर जबरदस्ती पाजून राहिला होता. मी तोंड उघडलं नाही, तर त्यानं अंगावर ओतली."

"खोटं!"

तो चिडला नाही. पायरीवर बसला. "गोदू, 'हा पिणारच' हे गिऱ्हाईक तू किती वर्षांपासून गादीवर बसवून ठेवलं. चहापाणी करतेस त्याचं. माझं तर येशूनं उठवलं. तुझं कोण उठवणार?"

अन् सवयीनं आ करून माझ्यासमोर तोंड केलं.

मले रडू फुटलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "मिट ते. नाही हुंगत आता." पण मेला तो विचार सुटतो का? आलाच परत: हुंगून तर पाह्य! मी डोळे घट्ट मिटले अन् ओरडली, "आगे बढ़ो! यहाँ कुछ नहीं मिलेगा!"

डोळे उघडले तर शेजारची कलावती, होळीच्या गुजिया-करंज्यांचं ताट घेऊन, तोंड पाडून परत चालली होती.

"अरे दीदी, आप नहीं!" शालिग्राम मागं धावला. "आप बैठो!"

बसायले दारात दुसरं काही नव्हतं. मी तिले माझ्या पेटीवरच बसवलं.