लाल बाटलीचा भाव

साखरखेर्ड्याच्या उकंडरावांनी गिरणीवरून आलेलं दळण कधीही न तोलता घरात घेतलं नाही. ज्वारी जाताना घरच्या तागडीत तोलायची, पीठ आलं की पुन्हा तोलायचं आणि मूठभर कमी भरलं तर गिरणीवाल्याच्या घराण्याचा उद्धार करायचा. दळताना पीठ थोडं उडणारच, असं कुणी समजावलं तर ते म्हणत, "हाव, उडते. पन उडून त्याच्याच डब्यात काऊन जाते?" बायको झुंबरबाई म्हणायची, "सोयरीक जमवताना यायनं माह्या बापालेबी तोलून घेतलं असंन."

माणूस मनानं वाईट नव्हता. बहीण वच्छलाबाई विधवा होऊन घरी आली, तेव्हा त्यांनी वाकडा शब्द न काढता तिला ठेवून घेतलं. पण सगळं जग आपल्याला फसवायला टपलंय, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. त्यातून शेजारच्या शंकररावांशी बांधावरून जुनं वाकडं. शंकरराव कधीतरी कोर्टात जाणार आणि नोटीस धाडणार, हा घोर कायमचा. रजिस्टर पाकीट हातात घेतलंच नाही तर नोटीस लागू होत नाही, अशी गावातल्या पुष्कळ शहाण्यांची समजूत होती आणि उकंडराव त्या शहाण्यांचे पुढारी होते. पोस्टमन पुंजाजी लांबट पाकीट घेऊन ओट्याशी आला की ते दोन्ही हात पाठीमागे बांधत. "नाही घेत म्हणून लिही न् दे परत धाडून." आषाढातही एक पाकीट त्यांनी असंच आल्या पावली परत लावलं होतं. पुढे ते विसरूनही गेले.

वच्छलाबाईचे यजमान मोतीराम लोणारच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. खोकल्याचं एक लाल औषध तिथं फार खपायचं. ते बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मोतीरामांचे धाकटे भाऊ शेषराव कारकून होते. त्यांच्या सांगण्यावरून मोतीरामांनी त्या कंपनीचे पन्नास शेअर घेऊन ठेवले. ते गेल्यावर शेषरावांनीच खटपट करून शेअर वहिनीच्या नावावर चढवले. तो नक्षीदार कागद वच्छलाबाईच्या ट्रंकेत लुगड्याखाली होता. तो विकायचा, लोणारला नवऱ्याच्या कुलूप घातलेल्या दोन खोल्या उघडायच्या आणि तिथं विजेवरची पिठाची गिरणी टाकायची, एवढंच तिच्या मनात होतं. भावाच्या घरी तिला काही कमी नव्हतं. फक्त तिथलं काहीच तिचं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. त्या दिवाळीला शेषरावांचं कार्ड आलं : "वहिनी, सध्या बावीसचा भाव आहे. चांगला आहे. संक्रांतीला येतो, सही घेऊन विकून टाकू. तुमची गिरणी होते."

वच्छलाबाईनं ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज हसरा झाला होता. उकंडरावांना तोच आवाज खटकला.

"चांगला भाव कोन म्हनते? इकनारा का घेनारा?"

"भावजी काऊन खोटं बोलतीन, भाऊ?"

"मी कुठी म्हनलं खोटं? मी पाहून राह्यलो फक्त."

मागच्या हंगामांचे भाव काढल्याशिवाय उकंडराव कापसाची गाडी जुंपत नसत, तर बहिणीचा कागद असा कसा जाऊ देतील? ते थेट वाण्याच्या दुकानात गेले. वाणी देऊळगाव राजाहून रद्दी आणायचा. तिच्यात मुंबईची वर्तमानपत्रं असायची आणि त्यांत आतल्या पानावर शेअरचे भाव. उकंडराव रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून पानं चाळू लागले. घरी जिरं आलं, हिंग आला, की आधी पुडी सोडून तिचा कागद उन्हात. झुंबरबाईची हळद दोनदा जात्याखाली सांडली. तिनं कपाळाला हात लावला.

सुरुवातीला त्या आकड्यांतलं त्यांना ओ की ठो कळेना. मग कळलं, की एका बाजूला कंपनीचं नाव आणि पुढे त्या दिवशीचा भाव. दुसरं काय असतं मोंढ्याच्या बाजारात? अडतीवर चिठ्ठ्या टोचतात तशी त्यांनी खुंटीला एक तार बांधली आणि तारखेप्रमाणे कात्रणं ओवली. तारेवर बोट फिरवलं की गेलं वर्ष खालून वर चढताना दिसायचं. मागच्या दिवाळीला भाव पस्तीस होता, माघात चाळीस झाला. उकंडरावांना हर्ष झाला. सध्या बावीसवर उतरलंय खरं, पण खोकल्याचं औषध थंडीत चढणारच! आता आणखी थोडं थांबावं, ऐन थंडीत शेअर काढावेत, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. शेअर म्हणजे वखारीतला कापूस आहे असंच ते धरून चालले होते आणि त्यांना टोकणारं गावात कुणी नव्हतं.

मग ज्येष्ठातलं पान सापडलं. बेचाळीस. त्यापुढची पानं कुणाच्या तरी गूळखोबऱ्यावर गेली होती. त्यानंतरचं थेट श्रावणातलं. एकवीस.

उकंडरावांनी चष्मा पुसला, पान पुन्हा वाचलं. एकवीसच. भादव्यातलं पान बावीस, कार्तिकातलंही बावीस. मध्ये ना आग लागल्याची बातमी, ना संपाची. धडधाकट कंपनी आणि भाव निम्मा! आणि हा पठ्ठ्या मुंबईत बसून लिहितो, चांगला भाव आहे.

आता त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागलं. ज्याला संशयच घ्यायचा असतो त्याला सगळं फार लवकर दिसतं. शेषराव कचेरीत बसतो, कागद त्याच्या हाताखालून जातात. त्यानं बहिणीचे शेअर बेचाळीसनं केव्हाच विकले असणार आणि आता बावीसचा हिशेब तिच्या पदरात टाकून वरचे वीस गिळणार. मग ट्रंकेतला कागद? तो त्यांनी मागून घेतला, उन्हात धरला, चिमटीत चोळला, वासही घेतला. नकली म्हणावा असं त्यात काही दिसेना, त्यामुळे ते आणखीच सावध झाले.

"भाऊ, भावजींनीच तं माह्यं नाव चढवलं," वच्छलाबाई म्हणाली.

"म्हनूनच तं! दरवाजा कोनाले ठाऊक? ज्यानं बसवला त्याले."

"मले गिरणी टाकायची हाय."

"मी हाय तोवर सही होनार नाही."

 वच्छलाबाईनं कागदाची घडी घालून तो ट्रंकेत ठेवला आणि भाकरी टाकायला बसली. त्या रात्री तिची भाकरी करपली. असं कधी होत नसे.

संक्रांतीला शेषराव आले. गळ्यात मफलर, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. ओट्यावर उकंडरावांनी चार मंडळी आधीच बसवून ठेवली होती, साक्षीला. पाव्हण्यानं पाणी प्यायचीही त्यांनी वाट पाहिली नाही. खुंटीवरची तार काढून समोर ठेवली.

"पाव्हने, ज्येष्ठात बेचाळीस. श्रावनात एकवीस. मधले कुठी गेले?"

शेषरावांनी कात्रणं पाहिली. आधी त्यांना हसू आलं, मग समोरच्या माणसांची तोंडं पाहून ते हसू विरलं.

"मोंढ्यात एकदम दुप्पट आवक झाली तर भाव काय होतो, पाव्हणे?"

"निम्मा होते. हे लेकरालेबी कळते."

"तसंच आहे. आषाढात कंपनीनं एका शेअरवर एक फुकट दिला. बोनस म्हणतात त्याला. एकाचे दोन झाले, म्हणून बेचाळीसचा एकवीस. त्यावर रुपया चढला, म्हणून म्हटलं चांगला. वहिनींचे आता पन्नास नाहीत, शंभर आहेत."

ओट्यावर कुजबुज झाली. उकंडरावांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. चोर स्वतःच्या पायानं चावडीवर आला होता.

"मंग ते दुसरे पन्नास कुठी हायेत? ट्रंकेत तं एकच कागद हाय. खाल्ले ना तुम्ही?"

शेषरावांचा चेहरा उतरला. "रजिस्टरनं पाठवले होते, पाव्हणे. याच पत्त्यावर. मी समजलो, मिळाले."

"झूट! पुंजाजीले बोलवा रे. त्याच्याच तोंडानं ऐका."

पुंजाजी चौकातच होता. खांद्यावरची पिशवी सावरत आला.

"सांग बे पुंजाजी, आषाढात बाईच्या नावाचं रजिस्टर आलतं?"

पुंजाजीनं आधी उकंडरावांकडे पाहिलं, मग चार मंडळींकडे. आपण काय बोलावं अशी अपेक्षा आहे, ते त्याला कळेना.

"आलतं ना, मालक. लांब पाकीट. वर इंग्रजीत लिहेल. तुम्हीच म्हनले, नाही घेत म्हनून लिही. म्या म्हनलं, नाव वच्छलाबाईचं हाय. तं तुम्ही म्हनले, शंकरराव लय हुशार हाय, आता बाईच्या नावानं नोटीस काढते."

 ओट्यावर एकजण खोकला आणि बाकीच्यांना हसू आवरेना.  उकंडरावांनी हात पाठीमागे बांधले होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सोडले.

"पाकीट कंपनीकडं परत गेलं असेल. अर्ज केला की मिळेल," शेषराव हळू म्हणाले. तिळाच्या वड्यांचा डबा अजून त्यांच्या मांडीवरच होता.

वच्छलाबाई दारात उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं.

"मी तवा घरातच होती, भाऊ," ती म्हणाली. "चुलीपाशी. एक हाक तं मारायची."

 मग ती शेषरावांकडे वळली. "भावजी, अर्जावर पत्ता लोणारचा लिहा. माह्या घरचा."

शेअर विकले गेले आणि पाडव्याला लोणारच्या त्या दोन खोल्यांत गिरणी सुरू झाली. उकंडरावांना बोलावणं होतं, पण त्यांचा पाय उचलला नाही. वैशाखात मात्र गावात गिरणी असूनही ते दहा किलो ज्वारी एसटीत घालून निघाले. झुंबरबाईनं कुठं म्हणून विचारलं नाही. ज्वारी तिनंच पाखडून दिली.

वच्छलाबाई पिठानं पांढरी झाली होती. भावाला पाहून ती हसली, पाणी दिलं, घरचं सगळं विचारलं. ज्वारी आधी तोलली, मग दळली. पैसे घेतले नाहीत. पीठ पिशवीत भरलं. उकंडरावांनी पिशवीला हात घातला.

"थांबा, भाऊ," ती म्हणाली आणि पिशवी काट्यावर ठेवली. "तोलून घ्या."

"राहू दे वं, वच्छला."

"नाही. तोलूनच न्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उकंडरावांना बरं वाटलं असतं. मागे दळणाची माणसं खोळंबली होती. ते काट्यासमोर उभे राहिले आणि ती एकेक वजन ठेवताना पाहत राहिले. पीठ पुरेपूर भरलं.